बाळ गेल्यावर: आईचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१३च्या श्रावणात माझी मुलगी सदतिसाव्या आठवड्यात पोटातच गेली. पुढची दोन-तीन वर्षं मी त्याबद्दल कुणाशी बोलले नाही. मग ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली कुणी ना कुणी विचारायला लागली. बहुतेक फोन रात्री उशिरा यायचे, घरचे झोपल्यावर, दबक्या आवाजात. प्रश्न तेच तेच असायचे, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं जे आहे ते डॉक्टरांना विचारून लिहिलंय, तरी तुमच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचं ऐका. पोटात गेलेलं, जन्मून तासाभरात गेलेलं, काचेच्या पेटीत वीस दिवस झुंजून गेलेलं, अशा कुठल्याही बाळाच्या आईसाठी हे आहे.

बाळच नाही, मग मी बाळंतीण कशी?

हा प्रश्न असाच्या असा फार कमी जणी विचारतात. त्या म्हणतात, "कंबर फार दुखतेय, पण सांगायची लाज वाटते." किंवा, "सासूबाई म्हणाल्या, आता काय, उठायला हरकत नाही."

तुम्ही बाळंतीण आहात. वार पडली, टाके पडले, रक्त गेलं. गर्भाशय आक्रसून जागेवर यायला सहा आठवडे लागतात, ते कडेवर मूल आहे की नाही हे बघून लवकर आवरत नाही. माझ्या आईने डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते. मी हॉस्पिटलमधून आले त्या दिवशी तिने तो स्टीलचा डबा माळ्यावर टाकला, मला दिसू नये म्हणून. मालीशवाल्या मावशींना "येऊ नका" असा निरोप गेला. धुरीची शेगडी आणली होती, ती मागच्या पडवीत तशीच राहिली. सगळं मायेपोटीच केलं होतं, पण मी सव्वा महिना थंड फरशीवर चालत होते आणि माझं अंग कुणी चोळलं नाही. चौथ्या आठवड्यात आत्याने येऊन आईला झापलं, "पोरगी बाळंत झालीय की नाही?" आणि माळ्यावरून डबा काढला. लाडवांना खवट वास यायला लागला होता, तरी आम्ही दोघींनी एकेक खाल्ला.

तेव्हा आराम, गरम जेवण, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, मालीश हवी असेल तर मालीश, आणि सहा आठवड्यांनी तपासणी, हे सगळं तुमच्या हक्काचं आहे. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळ गेलेल्या घरी यायला त्यांनाही जड जातं, मग कधी कधी त्या येतच नाहीत. त्यांना मुद्दाम बोलवा. बाळंतपणानंतरही रक्तदाब वाढू शकतो, तो बघायला कुणीतरी हवं.

थांबू नये अशा गोष्टी: तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप आणि थंडी, अंगावरून घाण वास येणारं जाणं, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी, एका पायाच्या पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप. यातलं काही झालं तर रात्र असली तरी निघा. "आधीच घरात एवढं झालंय, आणखी त्रास कशाला," असा विचार करून थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

दूध येतंय. काय करू?

याबद्दल कुणीही आधी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पदर ओला झाला तेव्हा मला वाटलं पाणी सांडलं. मग कळलं. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडलं की धार लागायची.

वार पडली की शरीराला दूध तयार करायची खूण मिळते. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ गेलं तरी दूध येऊ शकतं. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात छाती दगडासारखी होते, आठवडा-दहा दिवसांत उतार पडतो, थेंब थेंब मात्र पुढेही काही आठवडे येऊ शकतं.

काय करायचं: नीट आधार देणारी ब्रा रात्रीसुद्धा घाला. जुन्या बायका घट्ट पट्टा आवळून बांधायला सांगतात, ते करू नका, गाठी होऊन पू होऊ शकतो. फडक्यात गुंडाळून बर्फाचा शेक द्या. फ्रीजमध्ये गार केलेली कोबीची पानं ब्रात ठेवली तर बऱ्याच जणींना बरं वाटतं, अपाय काही नाही. गरम पाण्याची धार छातीवर घेऊ नका. फारच तणाव आला तर हाताने थोडंसं काढा, हलकं वाटेल इतकंच. पूर्ण रिकामं केलंत तर शरीर आणखी बनवतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. दूध थांबवायची गोळीही असते, कॅबरगोलीन, पण ती डॉक्टरांनी दिली तरच. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल तर ती सहसा देत नाहीत, म्हणून आपणहून दुकानातून आणू नका. आणि घरच्यांना सांगा, अळीव, शतावरी, बाळंतशेपा हे तूर्त बंद.

छातीचा एखादा भाग लाल, गरम, टणक झाला आणि ताप भरला तर डॉक्टरांकडे जा.

काही जणींना दूध फेकून देववत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. आता इतर शहरांतही आहेत. कमी दिवसांच्या बाळांना तिथलं दूध मिळतं. द्यायचं असेल तर आधी रक्ताच्या तपासण्या होतात. बाळ गेलेल्या काही आयाही देतात. मी दिलं नाही, मला ते सुचलंच नाही. दिलेली एक जण मला म्हणाली की त्यामुळे तिला झोप लागायला लागली. दुसरी म्हणाली की तो पंप बघूनच पोटात कालवतं. दोघींचं बरोबर.

बाळाला बघावं का? हातात घ्यावं का?

मला विचारलंच नाही. "बघू नकोस, डोळ्यांसमोरून जाणार नाही," असं म्हणून मोठ्यांनी ठरवून टाकलं. न बघितल्यामुळे जे डोळ्यांसमोर येत राहिलं ते खऱ्यापेक्षा भयंकर होतं, कारण ते मी मनाने रचलेलं होतं. चार वर्षांनी नवऱ्याने सांगितलं, "केस खूप होते तिला. आणि तुझं नाक."

माझं मत सरळ आहे: जबरदस्ती करू नये आणि अडवूही नये. आईला विचारावं. नको म्हणाली तर तासाभराने पुन्हा एकदा विचारावं, आणि नंतर हट्ट धरू नये. बघण्याआधी नर्सला विचारा की बाळ कसं दिसतंय. पोटात जाऊन एक-दोन दिवस झाले असतील तर कातडी सुटलेली असते, ओठ काळपट असतात, अंग गार आणि सैल असतं. हे आधी सांगितलं की धक्का कमी बसतो. दुपट्यात नीट गुंडाळून फक्त चेहरा, फक्त हात, फक्त पावलं बघता येतात.

आठवणीचं काही ठेवायचं असेल तर तेव्हाच. शिक्क्याच्या पॅडवर पाऊल टेकवून कागदावर ठसा घ्या. मनगटावरची चिठ्ठी मागून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून बहिणीच्या नाहीतर मैत्रिणीच्या फोनवर ठेवा, आत्ता बघायचा नसला तरी. घरातली मोठी माणसं "मेलेल्याचा फोटो घरात नको" म्हणतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांना दाखवूच नका.

अंत्यविधी काय असतो? सुतक किती? आईने जावं का?

हिंदू घरांत दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. हे धर्मशास्त्रातच आहे, याज्ञवल्क्य आणि मनू दोघेही दोन वर्षांखालचं मूल पुरावं असं सांगतात. दहावं, तेरावं, पिंड काही नाही. बऱ्याच घरांत सुतकही अंघोळीपुरतंच. कुळाचार वेगवेगळे असतात, आपल्या गुरुजींना विचारा. लिंगायतांत मोठ्यांनाही पुरतात, तेव्हा तिथे वेगळं काही वाटत नाही. मुसलमान घरांत जिवंत जन्मलेल्या बाळाचं नाव ठेवून, गुसल देऊन जनाज्याची नमाज होते. ख्रिस्ती घरांत छोटी पेटी करतात. बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील म्हणतात.

पुरण्यामागे जो विचार असेल तो असो, त्याचा परिणाम असा होतो की दुःखाला दिवस मिळत नाहीत. मोठं माणूस गेलं तर तेरा दिवस लोक येतात, चटईवर बसतात, चहा होतो, गेलेल्याबद्दल बोलणं होतं. बाळ गेलं की बाप आणि एखादा काका टॉवेलात गुंडाळून घेऊन जातात, दोन तासांत परत येतात, अंघोळ करतात आणि संध्याकाळी घरात दिवा लागतो. आईला बहुतेक वेळा जागासुद्धा माहीत नसते. मला एका बाईने विचारलं होतं, "ताई, कुठल्या झाडाखाली ते विचारलं तर चालेल ना?" त्या गोष्टीला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

विचारा. जायचं असेल आणि अंगात ताकद असेल तर जा. टाके असतील तर गाडीत बसून राहा, पण जा. बायकांनी स्मशानात जाऊ नये म्हणतात, पण तुम्हाला कायद्याने कुणी अडवू शकत नाही. नाही गेलात तरी जागेची खूण, जवळचं झाड, भिंतीपासून किती पावलं, हे जाणाऱ्याने लिहून ठेवावं. आणि घरात काही करावंसं वाटलं, समई लावावी, कुणाला जेवू घालावं, तर शास्त्रात नाही म्हणून थांबायचं कारण नाही. न केल्याने बाळाचं काही अडत नाही हेही तितकंच खरं.

दवाखान्यातून ताबा घेता न येणाऱ्यांसाठी रुग्णालयं आणि नगरपालिका व्यवस्था करतात. तसं झालं असेल तर मनाला लावून घेऊ नका.

नाव ठेवायचं का? नोंद होते का?

नोंदीचं आधी. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे अठ्ठावीस आठवडे किंवा पुढे मृत जन्मलेल्या बाळाची नोंद 'मृत जन्म' म्हणून वेगळी होते. बाळ एक श्वास घेऊन गेलं असेल तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झालं असेल तर घरच्यांची. मुदत २१ दिवस. दाखले काढून ठेवा. त्या आठवड्यात नको वाटतं, पण रजेला, विम्याला आणि पुढच्या डॉक्टरांना ते लागतात.

नावाचं काय, ते तुमच्यावर. पाचवी पुजली नाही, बारसं झालं नाही, म्हणून नाव ठेवता येत नाही असं काही जण म्हणतात. आमच्याकडे पोटात असताना तिला 'चिऊ' म्हणायचो, तेच राहिलं. काही जणांनी ठरवलेलं नाव तिलाच दिलं. काहींनी ते पुढच्या बाळासाठी ठेवलं, त्यातही गैर नाही.

माझं काय चुकलं?

पपई खाल्ली, ग्रहणात सुरी धरली, जिना चढले, नवऱ्याशी भांडले, डोहाळजेवणात कुणाची नजर लागली, फोन पोटावर ठेवला. ही यादी मी सगळ्यांकडून ऐकली आहे आणि यातल्या कशानेही बाळ जात नाही.

खरी कारणं वेगळी असतात: वाढलेला रक्तदाब, वार अवेळी सुटणं, वारेतून पोषण नीट न मिळून बाळाची वाढ खुंटणं, आटोक्यात नसलेला मधुमेह, जंतुसंसर्ग, बाळाच्या शरीरातला जन्मजात दोष, फार लवकर झालेली प्रसूती, कळांमध्ये बाळ गुदमरणं. आणि बऱ्याच वेळा तपासूनही कारण सापडत नाही. सगळ्यात जड उत्तर तेच. माझ्या कागदावर तेच आहे.

दवाखान्यातून निघण्याआधी तीन गोष्टी विचारा. वार पॅथॉलॉजीत तपासायला पाठवली का? (एकदा टाकून दिली की संपलं.) बाळाचं शवविच्छेदन करता येईल का, किंवा ते नको असेल तर बाहेरून तपासणी आणि एक्स-रे? आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिलं का? बाळाचा गट पॉझिटिव्ह असेल तर ते ७२ तासांच्या आत हवं, पुढच्या बाळासाठी. गोंधळात हे राहून जातं.

दवाखान्याची चूक झाली असं वाटत असेल तर सगळे कागद मागून घ्या आणि तारीख-वेळेसह आठवतं ते वहीत लिहून काढा. पुढे काही करायचं की नाही ते नंतर ठरवता येतं.

नोकरीत रजा मिळते का?

मिळते, आणि हे बहुतेक कचेऱ्यांना माहीत नसतं. मी रजेचा अर्ज दिला तेव्हा आमच्याकडच्या माणसाने विचारलं, "मूल नाही तर बाळंतपणाची रजा कशाची?" मी गप्प बसून पंधराव्या दिवशी कामावर गेले. तेव्हा मला माहीत असतं तर बरं झालं असतं.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात (२०२५पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) 'मूल' या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल धरलं आहे. म्हणजे सव्वीस आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तरी ती प्रसूतीच, आणि रजा पूर्ण मिळते. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर पगारी २६ आठवडे, दोन किंवा जास्त असतील तर १२. सव्वीस आठवड्यांपर्यंत गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा. अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी ८० दिवस काम केलेलं हवं. केंद्र सरकारी कर्मचारी असाल तर २ सप्टेंबर २०२२च्या आदेशाने, बाळ मृत जन्मलं किंवा २८ दिवसांच्या आत गेलं तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा आहे. अर्जाला दाखला आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. स्वतः जाऊ नका, नवऱ्याला किंवा भावाला पाठवा.

सगळे म्हणतात विसरून जा. "देवाचं फूल होतं, देवाकडे गेलं." "वय आहे अजून, दुसरं होईल." काय उत्तर देऊ?

उत्तर द्यायची सक्ती नाही. उठून आत गेलात तरी चालतं.

अशा वेळी किसा गोतमीची गोष्ट हमखास सांगतात. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती बुद्धाकडे गेली, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण असं त्यांनी सांगितलं, आणि तसं घर तिला मिळालं नाही. सांगणाऱ्याचा सूर असा असतो की बघ, सगळ्यांचंच मरतं, तेव्हा पुरे झालं. मला ती गोष्ट वेगळी वाटते. बुद्धांनी तिला "विसर" असं म्हटलेलं नाही. त्यांनी तिला दारोदार पाठवलं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं असणार. तिने मूल खाली ठेवलं ते त्यानंतर. इतका वेळ तिला मिळाला होता.

पूर्वीच्या बायकांची पाच-पाच मुलं जायची. त्या कुठे रडत बसायच्या?

रडायच्या. लिहून कोण ठेवणार? माझी आजी म्हणायची "झाली नऊ, राहिली पाच," आणि मग जी चार राहिली नाहीत त्यांची नावं क्रमाने सांगायची.

गावाकडच्या जुन्या मतदार यादीत बघा: धोंडू, दगडू, केरबा, भिका, नथू. आधीचं मूल गेलं म्हणून पुढच्याला कुणी नजर लावू नये यासाठी ठेवलेली ही नावं. उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं, मुलाचं नाक टोचायचं, भिकेच्या कापडाचं झबलं शिवायचं. दुःख आणि भीती त्या नावांत आयुष्यभर हाक मारत राहिली.

आणि कल्याणच्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला, धड औषधोपचार मिळाले नाहीत. त्यातून ती पोर अमेरिकेला गेली आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. पुढच्या वर्षी ती स्वतःच गेली, बाविशीच्या आत. पहिली महिला डॉक्टर म्हणून तिचा धडा आपण सगळ्यांनी शाळेत वाचला. त्या दहा दिवसांच्या मुलाबद्दल वर्गात कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

नवरा रडतच नाही. त्याला काहीच वाटत नाही का?

त्याने कागदांवर सह्या केल्या, बिल भरलं, खड्डा पाहिला, माती लोटली, परत येऊन तुमच्यासाठी नारळपाणी आणलं. त्याला मधे रडायला जागा मिळाली नाही. माझा नवरा वर्षभराने, पेट्रोल पंपावर, कुणाच्या तरी गाडीत बेबी सीट बघून रडला. पुरुषांना लोक विचारतात, "वहिनी कशा आहेत?" त्याला विचारा की तो कसा आहे. लगेच बोलेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

मोठ्या मुलाला काय सांगू?

"मेलं" हा शब्द वापरा. "झोपलंय" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, "देवबाप्पाने नेलं" म्हटलं तर देवबाप्पाला. त्याने "मला बाळ नको" असं कधी म्हटलं असेल तर त्यामुळे हे झालं नाही हे स्पष्ट सांगा, न विचारता. एकच प्रश्न तो वीस वेळा विचारेल, अगदी जेवताना, पाहुण्यांसमोर. वीस वेळा तेच उत्तर द्या.

बारशाला, डोहाळजेवणाला मला कुणी बोलावत नाही. बोलावलं तर जाववत नाही.

न बोलावणं दोन प्रकारचं असतं. एक, तिला त्रास होईल म्हणून. दुसरं, तिचा पायगुण नको म्हणून. ओटी भरायच्या ताटाशी आपण आलो की पुढची बाई किंचित कशी सरकते, ते आपल्याला बरोबर कळतं. पहिल्यांना सांगता येतं की बोलवा, यायचं की नाही ते मी ठरवेन. दुसऱ्यांकडे न जाणंच बरं. जाववत नसेल तर भावजयीकडे आहेर पाठवून द्या आणि कारण देऊ नका.

हे दुःख आहे की आजार? कधी मदत घ्यावी?

दुःख लाटांसारखं येतं. मधे एखादा तास बरा जातो, कुणीतरी काही बोललं की हसूही येतं, मग हसल्याची लाज वाटते. हे सगळं ठीक आहे. रिकाम्या हातांना वजन जाणवणं, रात्री रडण्याचा भास होणं, पोटात हालचाल झाल्यासारखी वाटणं, हेही पुष्कळ जणींना होतं, वेड नव्हे.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस काहीच चांगलं वाटेना, खाणं-झोप पार गेली, आपण नालायक आहोत असं सतत वाटू लागलं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या, तर डॉक्टरांना भेटा. जीव द्यावा, बाळापाशी जावं असे विचार येत असतील तर आत्ता कुणाला तरी जागं करून सांगा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाई अजिबात झोपेना, असंबद्ध बोलायला लागली, बाळ जिवंत आहे आणि कुणी लपवलंय असं ठामपणे म्हणायला लागली, तर बाधा समजून देवऋष्याकडे नेऊ नका. तो तातडीचा आजार आहे, औषधाने बरा होतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलतात.

पुढचा विचार कधी करावा?

डॉक्टर शरीराचं सांगतील. गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. सिझेरियन झालं असेल किंवा दिवस भरत आले असताना बाळ गेलं असेल तर अंतर जास्त सांगतात. जुने रिपोर्ट घेऊन जा, साखर, थायरॉइड, रक्तदाब बघून घ्या, फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करा.

मनाचं सांगायचं तर "आता मन भरलं" असा दिवस उजाडत नाही. पुढच्या वेळी नऊ महिने तुम्ही दर तासाला हालचाल मोजणार आहात हे गृहीत धरा, आणि ते ऐकून न वैतागणारा डॉक्टर शोधा. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता जा. माझा मुलगा २०१६ला झाला. लोक म्हणाले, "बघ, आली ना परत." तो तो आहे, ती ती होती.

कपडे, पाळणा, झबली काय करू?

काही करू नका. कुणाला आवरून टाकायची घाई झाली असेल तर त्यांना थांबवा. तुम्ही घरी यायच्या आधी कपाट रिकामं करू नका असं नवऱ्याला दवाखान्यातच सांगून ठेवा. देऊन टाकायचं असेल तर पुढे कधीतरी टाका. एक कुंची मी ठेवली आहे, लोखंडी ट्रंकेत, शालूखाली.

मुलं किती, असं विचारलं तर काय सांगू?

रिक्षावाल्याने विचारलं तर मी "एक" म्हणते. जनगणनेच्या माणसाला "एक". डॉक्टरांना "दोन बाळंतपणं, एक हयात." ज्या बाईशी पुढे बोलावंसं वाटतं तिला "दोन." एकदा मंडईत भाजीवालीला का कोण जाणे "दोन" म्हणून गेले. "एक गेली," असंही सांगितलं. ती कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "माझं पण." आणि सुटे पैसे परत दिले.

मी आई नाही, तिची शेजारीण आहे. काय करू? काय बोलू?

"ऐकलं. फार वाईट झालं." एवढं पुरे. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्या. ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. स्वतःच्या मावसबहिणीचं काय झालं ते सांगू नका. वर्षाने ती तारीख लक्षात ठेवून फोन केलात तर ती जन्मभर विसरणार नाही, माझ्या एका मैत्रिणीने हे दोनदा केलं आहे.

पहिल्या आठवड्यात मऊ भात, वरण, तूप, लिंबाची फोड, एखादी दोडक्याची भाजी असं काही घेऊन जा. अळीवाची खीर नको. परत करायचं ओझं नसलेला डबा घ्या. जमलं तर ओट्यावरची भांडी घासून टाका. दार उघडलं नाही तर कडीला पिशवी अडकवून या.